तेल गळतं तरी वाढतं

२६ ऑक्टोबर

मोटर आली. अमरनं ती पोत्यात गुंडाळून मोटरसायकलच्या मागं बांधून आणली. वळणावर दिसली तेव्हा मला वाटलं, नवऱ्यानं न विचारता बकराच आणला. सोडून पाहिलं तर वर गोल डोकं, मध्ये लांब मान आणि खाली पंखा. नावेच्या मागं अडकवायची मोटर, पाच हॉर्सपॉवरची, कुठल्याशा सर्व्हेवाल्या पार्टीनं वापरून सोडलेली.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णाबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "पाच घोडे हायेत म्हणते हिच्यात. खातात काय थे?"

"पेट्रोल," अमर म्हणाला. "अन् पोटात थोडं तेल."

"तेल त आपल्याले बी लागते," असं म्हणून त्यांनी तिला घरात घेतलं.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. आम्ही आता कोंढ्याच्या बाजूला पुनर्वसनात राहतो. गावापलीकडचं टेकाड तेवढं पाण्याबाहेर राहिलं आणि त्याच्या उतरणीला मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, धानाच्या दोन बांध्या, दोन खाचरं, आहेत. कागदावर त्या आता आपल्या नाहीत, पण मामाजींना, टिकारामजींना, हे सांगणार कोण? दरवर्षी डोंग्यातून वल्हवत जातात आणि धान लावून येतात. यंदा नोव्हेंबर सरता सरता पाणी पुरतं भरणार आहे, तसं धरणाचे लोक गावात येऊन सांगून गेले. मग टेकाडही बुडेल. त्याच्या आत धान कापून या काठाला आणायचं आहे. वर्षभराचं खायचं धान आहे ते, आणि मामाजींचं शेवटचं पीक. वल्ह्यानं भरली नाव आणायला अर्धा दिवस जातो आणि मामाजींचा खांदा यंदा वर होत नाही.

अमरला राईस मिलमधून सुट्टी नाही, सीझन आहे. म्हणून मोटर मी चालवायची. "शिवणमशीन तूच खोलते-लावते न? हे बी मशीनच हाये." तो म्हणाला. झालं, माझी नेमणूक पक्की.

२८ ऑक्टोबर

मच्छी सोसायटीची जुनी पत्र्याची नाव मागून आणली आणि मोटर तिच्या पाठीला कसली. अमर शिकवायला आला होता. "हे पाहाय, थंडी असली का हा चोक ओढाचा. मंग दोरी ओढाची. सुरू झाली का मंग..." एवढ्यात मिलमधून फोन आला आणि तो गेलाच. माझं शिक्षण दोरीपर्यंत झालं आहे.

पण सुरू केली मी! चौथ्या ओढीला खोकली, पाचव्या ओढीला गरजली, आणि माझ्या हातातल्या दांड्यात असा काही जीव आला की मी दांडा सोडूनच देणार होते. इतकीशी मोटर, आणि एवढी मोठी पत्र्याची नाव माझ्या मनगटाच्या म्हणण्याप्रमाणं वळली. आमच्या घरात आजवर असं कोणी वळलेलं नाही.

मोटरीच्या मानेतून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. थंड राहायला ती पाणी आत घेते आणि बाहेर टाकते म्हणे. आत्याबाई काठावरून पाहत होत्या. "पाणी पिते, मुतते, धूर सोडते," त्या म्हणाल्या, "अन् तुमी म्हणता जीव नाही."

माझंही तेच मत आहे.

२९ ऑक्टोबर

आज मामाजींना घेऊन टेकाडावर गेले.

मामाजी माझ्याशी सरळ बोलत नाहीत, सुनेशी बोलायची त्यांच्यात रीत नाही. घरात "तिले सांग" करून आत्याबाईंमार्फत निरोप येतो. नावेत आत्याबाई नव्हत्या. मग मामाजी मोटरीशी बोलू लागले.

"डावीकडे घे बापा. तठी खांब हाये." मी डावीकडे घेतलं. खरंच विजेच्या खांबाचं टोक पाण्यावर दोन हात आलेलं होतं. पुढं वाळलेल्या चिंचेचा शेंडा दिसला. मामाजी टोपी सारखी करून म्हणाले, "आता हळू हो. गाव आलं."

मी दांड्यावरची वेगाची मूठ सोडली. मोटर मंद झाली आणि विझायलाच लागली. तेवढ्यात मला सुचलं, मी चोक थोडा बाहेर ओढला, आणि ती सावरली. मग तसाच ठेवला. स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

मुंगीच्या चालीनं आम्ही गावातून निघालो. खाली हिरवं-काळं पाणी, त्यात काही दिसत नव्हतं. मामाजी सांगत होते, अर्थात मोटरीला. "हे सोनबाचं घर. हे गिरजाबाईचं आंगण. आता चावडी." चावडी म्हणताच माझा हात आपोआप पायाकडे गेला. आमच्या गावात सुना चावडीवरून चपला हातात घेऊन जात. मी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि एका हातानं दांडा धरून बसले. पुढं मारोतीचं देऊळ होतं. "त्याच्या डोक्यावरून कोणी जाते काय?" म्हणून मामाजींनी मोटरीला देवळाला वळसा घालायला लावलं.

मग ते एकदम गप्प झाले आणि मला कळलं, आपलं घर आलं. माझी चूल इथंच कुठंतरी खाली होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरू नये म्हणून मी किती माती लिंपली होती!

टेकाडावर धान पिवळंधमक उभं आहे. आठवडाभरात कापणीला येईल.

३ नोव्हेंबर

रोज जातो. आत्याबाईही येतात, विळे घेऊन. गावातून जायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण मामाजींना रोज एखादं घर नवं आठवतं. आज कुंभाराची भट्टी आणि पोस्टाची पेटी आठवली. एका जागी थांबून त्यांनी आत्याबाईंशी वाद घातला की बोरीचं झाड विहिरीच्या अलीकडे होतं का पलीकडे. मोटर भकभक करत उभी, दोघं पाण्यावर भांडतात, आणि मी चोक धरून बसलेली.

गाव उठल्यापासून पाच वर्षांत मामाजी इतकं बोलले नव्हते. आम्हाला वाटायचं, वयानं होतं तसं.

६ नोव्हेंबर

नावेच्या बुडात तेल दिसलं. मोटरीच्या डोक्याखालून ओघळ आला होता, आणि पाण्यावर मोराच्या पिसासारखा रंग पसरत होता. आत्याबाईंना तो फार आवडला. मला नाही आवडला. तेल गळतं म्हणजे पोट रिकामं होत असणार.

काठाला येऊन नाव बांधली, मोटर सरळ उभी केली आणि तेल पाहायची कांडी काढली. कांडीवर दोन खुणा आहेत, त्यांच्या मध्ये तेल पाहिजे. तेल वरच्या खुणेच्याही वर!

पुसून पुन्हा घातली. पुन्हा वर. गळतं आहे आणि वाढतंही आहे.

७ नोव्हेंबर

सकाळी निघायच्या आधी कांडी पाहिली, खूण लक्षात ठेवली. संध्याकाळी पाहिली तर आणखी वर. मध्ये दिवसभर गळालं, माझी साडी साक्षीला आहे.

शिवणमशीन मी वर्षानुवर्षं चालवते. तिला तेल घातलं की ते संपतं, घालायला विसरलं की ती कुरकुरते. जगात तेल संपतंच. हे काय आहे मला कळत नाही. खरं सांगायचं तर थोडी भीती वाटते, आणि भीतीपेक्षा जास्त वेगळंच काही वाटतं. देवळात गाभाऱ्यासमोर वाटतं तसं.

आत्याबाईंना सांगायला नको होतं. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "द्रौपदीच्या थाळीवानी झालं वो बाई."

९ नोव्हेंबर

मोटर झटके मारायला लागली. धड चालतच नाही, चालता चालता गचके देते आणि काळा धूर सोडते. कोंढ्याहून पंपवाल्या बाबूलालला बोलावलं. शेतातले पंप आणि फवारे दुरुस्त करतो, नावेची मोटर त्यानं आजच पहिल्यांदा पाहिली, पण तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"मिसिंग करून राहिली," तो म्हणाला.

"थे मले बी ऐकू येते. काहून करते?"

"गॅस्केट गेलं असन ताई. तेल तठूनच येऊन राहिलं."

त्यानं जाड कागदाचं गॅस्केट कापून सांध्यात बसवलं, बोल्ट कसले. "अन् वाढते कसं?" मी विचारलं. बाबूलालनं कांडी पाहिली, मोटरीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "थे आपल्या लाईनीतलं नाही," म्हणाला.

११ नोव्हेंबर

पुन्हा गळतं. पुन्हा वाढलं. आज शेजारच्या गोदावरीबाई आणखी दोघींना घेऊन मोटर पाहायला आल्या. आत्याबाईंनी कांडी बाहेर काढून दाखवली, तिघींनी हात जोडले. एकीनं तेलाचं बोट केसाला लावलं.

हे चमत्कार-बिमत्कार मला रात्री खरं वाटतं आणि सकाळी खोटं वाटतं. आज सकाळी डोक्यात आलं की हे मामाजींचं काम असणार. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ते काठावर जातात. बैलाला पेंढा टाकल्याशिवाय ज्या माणसानं कधी चहा घेतला नाही, तो मोटरीला उपाशी कसा ठेवील? तेलाचा डबा घरात उघडाच असतो. मी डबा शिवणमशीनच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. जेवताना आत्याबाईंना मोठ्यानं म्हणाले, "मामाजीले सांगा, मोटर म्हणजे बैल नाही. वरून वरून तेल टाकलं त मरन थे."

मामाजींनी घास खाली ठेवला. हात धुतला आणि उठून गेले.

१२ नोव्हेंबर

मामाजी आले नाहीत. "खांदा दुखते," असा निरोप. आत्याबाईही मग थांबल्या. मी एकटी गेले.

गावात मला खांब सापडेनात. डावीकडे कुठं वळायचं ते मी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं, मोटर ऐकायची आणि मी मोटरीचं ऐकायचे. झाडाच्या बुंध्याला पंखा लागला, नाव गरकन फिरली. चावडी कुठं, मारोती कुठं, काही कळेना. मी मोठ्यानं म्हणाले, "माफ करजा, मी टिकारामची सून होय," आणि कशीबशी परत फिरले.

काठाला येऊन कांडी पाहिली. तेल वाढलेलं! डबा पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

मामाजींनी नव्हतं टाकलं. मी त्यांना ताटावरून उठवलं ते फुकट. आणि आता तर मला मोटरीकडे पाहवेनासं झालं आहे. कोण टाकतं तेल?

१५ नोव्हेंबर

पाण्याची तारीख आली, पंचवीसच्या आत सगळं आणा म्हणून सांगून गेले. धान सगळं आधीच कापून टेकाडावर भाऱ्यांचं पुंजणं रचून ठेवलं आहे, माणसाच्या उंचीचं. ते तिथं, आम्ही इथं, आणि मोटर आज सुरूच झाली नाही. प्लग काढला तर कोळशासारखा काळा आणि ओला.

प्लग पुसला, कांडी पुसली, आणि तो फडका चुलीत टाकला. तेलाचा फडका मी शेकडो वेळा चुलीत टाकला आहे. शिवणमशीनच्या तेलाचा फडका आधी धूर करतो, मग हळूहळू धरतो. हा भक्कन पेटला! ज्वाळ थेट तोंडावर आली, कपाळावरचे केस जळाले. आत्याबाई ओरडल्या. मी मात्र तिथंच बसून राहिले. हे तेल नव्हतं. तेल असं पेटत नाही.

मी काठावर जाऊन कांडी पुन्हा काढली आणि नाकाला लावली. पेट्रोल! इतके दिवस नाकाखाली होतं आणि मी हात जोडत बसले होते.

तशीच कांडी घेऊन बाबूलालकडे गेले. त्यानं वास घेतला आणि मला विचारलं, "ताई, चोक कधी बंद करता?"

"बंद कायले कराचा? बंद केला त विझते न थे."

बाबूलालनं कपाळाला हात लावला. "चोक म्हणजे तिचं नाक दाबून पेट्रोल पाजनं होय. थंडीत घडीभर. गरम झाली का सोडून द्याचं. तुमी किती वेळ दाबून ठेवलं?"

"गाव सरेपर्यंत."

"अन् चाल?"

"गावातून... हळूच."

"म्हणजे थे कधी गरमच झाली नाही. न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरलं, तेल पातळ झालं अन् वाढलं. पोटात जागा नाही म्हणून वरच्या नळीतून बाहेर आलं. थेच प्लगवर बसलं, अन् थेच तुमाले गळताना दिसलं." मग स्वतःशीच हसला. "अन् मी बोल्ट कसत बसलो."

काठावर येऊन त्यानं जुनं तेल काढलं, ताकासारखं पातळ. नवं भरलं. प्लग कोंढ्यात एकच मिळाला, तो लावला. "आता चोक घडीभरच. पाण्यात गेली का मोकळी पळवा. भरली नाव घेऊन मुंगीवानी चालवाल त हा प्लग बी जाईन, अन् दुसरा माह्यापाशी नाही."

आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे थे आपल्या गावातून जाताना भरून येत होती," म्हणाल्या. मी नाही म्हणणार होते, पण विचार केला तर ते बरोबरच होतं.

१६ नोव्हेंबर

मामाजी ओसरीवर दोरी वळत बसले होते. मी पदर घेऊन समोर उभी राहिले आणि सरळ बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"मामाजी, माह्यं चुकलं."

ते दोरीकडेच पाहत म्हणाले, "मी तेल नाही टाकलं."

"मालूम हाये."

बराच वेळ दोरी वळली. मग म्हणाले, "एक दिवस मनात आलं होतं, खरं सांगतो. पन डबा हातात घेऊन परत ठेवला." आणि माझ्याकडे पाहून, "तुले रस्ता गवसला नाही म्हणत."

"नाही गवसला."

"उद्या येतो."

१७ नोव्हेंबर

मामाजी आले, पण एक अडचण होऊन बसली. मी सांगितलं की मोटर गावातूनही पळवावी लागेल. मोटरीला नव्हे, मला म्हणाले, "गावातून पळवाचं नाही, साधना. लोकायच्या आंगणातून कोणी दौडते काय?" मी समजावलं, त्यांनी मान हलवली, आणि तरी नाहीच म्हणाले. मग तोडगा त्यांनीच काढला. गावाला लांबून वळसा घालून वैनगंगेच्या जुन्या धारेतून जायचं. तिथं खोल आहे, खांब नाहीत, पाहिजे तेवढं पळवा.

आणि मी पळवलं. चोक आत, मूठ पुरी. नावेचं नाक वर उठलं, दोन्ही बाजूला पाणी फाटत गेलं, आणि बसलेल्या बदकांचा अख्खा थवा आमच्या पुढं उडाला. मोटर एकदाही खोकली नाही. एकसुरात गात होती. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. इतकं सगळं त्या चिमुकल्या डोक्यात होतं आणि मी तिचं नाक दाबून ठेवलं होतं!

वळसा फार लांबचा आहे. दिवसाला दोन खेपा कशाबशा होतात.

२० नोव्हेंबर

कांडीवरचं तेल जिथल्या तिथं. गळणं बंद. गोदावरीबाई विचारून गेल्या, "आता वाढत नाही काय?" जरा नाराज झाल्या.

पुंजणं निम्म्यावर आलं. जाताना-येताना मामाजी सारखे लांब त्या चिंचेच्या शेंड्याकडे तोंड करून बसतात, बोलत नाहीत. तिकडून वारा येतो, थंडी वाजत असेल. आज त्यांना घोंगडी दिली, त्यांनी ती बाजूला ठेवली.

२३ नोव्हेंबर

पाणी लवकर आलं. आम्ही पोचलो तर खालची बांधी बुडालेली आणि पुंजण्याचं बूड भिजायला लागलेलं. उरलेलं धान दोन खेपांचं होतं. दुसरी खेप मिळणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. मामाजींनी दुखऱ्या खांद्यानं भारे फेकले, मी रचले. एकही पेंढी सोडली नाही. नाव अशी भरली की काठ पाण्यापासून चार बोटं वर. वर भाऱ्यांवर मामाजी.

निघालो तेव्हा वारा सुटला होता. धारेच्या तोंडाशी आलो आणि मी मूठ सोडली. पुढं पांढऱ्या लाटा उठत होत्या. त्या लाटांत ही नाव घातली असती तर पहिल्याच लाटेला धान, मोटर, मामाजी आणि मी, सगळं वैनगंगेला गेलं असतं.

"मामाजी, इकडून होत नाही."

"पाहून राहिलो."

दुसरा रस्ता गावातून. तिथं टेकाडाच्या आणि झाडांच्या आडोशाला पाणी शांत होतं. नाव वळवली. चिंचेचा शेंडा आता पाण्यावर हातभरच उरला होता. गावाच्या तोंडाशी माझा हात सवयीनं ढिला पडला, मोटर मंद झाली आणि लगेच खोकली. पुन्हा खोकली. वारा भरल्या नावेला आडवं लोटू लागला, खांबाकडे. पळवू का म्हणून विचारायचं होतं. सुनेनं कसं बोलायचं, गाव त्यांचं.

मामाजी भाऱ्यांवर उभे राहिले. टोपी खिशात घातली आणि खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गच्च बांधला.

"साधना, हंगामाची शेवटची बंडी गावात कशी येते, मालूम हाये काय तुले?"

"नाही जी. बैलगाड्या आल्या का आमी आत राहो."

"शेवटची बंडी चालत येत नाही. चालत आली त शेत तिच्या मागं मागं येते म्हणत, अन् मंग त्याले घरी करमत नाही, आपल्यालेबी नाही. म्हणून बैल मोकळे सोडाचे. दौडतच येते थे. अन् लोकायनं सरकाचं असते." त्यांनी समोरच्या मोकळ्या पाण्याकडे पाहिलं. "सोड मोकळी."

मी मूठ पुरी फिरवली.

मोटर गरजली आणि सबंध धान घेऊन नाव उसळली. वर मामाजी दोन्ही हात पसरून ओरडत होते, मी त्यांचा तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. "सरका होऽऽ! टिकारामची शेवटची बंडी! सोनबा, पोट्टे उचल! गिरजाबाई, सूप सार वो, सूप सार! डावीकडे घे, साधना! सरका होऽऽ!" मी डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं, खांब शेजारून सपासप गेले. चावडी आली तेव्हा चपला माझ्या पायात होत्या आणि पदर कुठं होता कोण जाणे. मला वाटलं मारोतीला वळसा घालायला सांगतील. "बजरंगा, आज वाट दे!" असं ओरडून त्यांनी सरळ जायला हात केला, आणि आम्ही सरळ गेलो. मला खरंच वाटलं की खाली दारादारातून लोक बाहेर आले आहेत, पोरं उचलून धरली आहेत, आणि आम्हाला पाहताहेत. घर आलं तेव्हा मामाजी ओरडले नाहीत. ते मी ओरडले. "सरका!"

मोटर एकदाही चुकली नाही.

काठावर आत्याबाई उभ्या होत्या. नाव वाळूत घुसली, मी मोटर बंद केली आणि वर उचलली. कान एकदम सुन्न झाले.

"काहून एवढी पळवत आणली?" आत्याबाईंनी विचारलं.

"शेवटची बंडी होय," मामाजी म्हणाले.

आत्याबाई घरी गेल्या आणि लोटाभर पाणी घेऊन आल्या. दौडत आलेल्या बैलांच्या पायावर ओततात, तसं त्यांनी ते पाणी, आत्ताच पाण्यातून वर आलेल्या त्या पंख्यावर हळूहळू सगळं ओतलं. "थकली असन," म्हणाल्या.

तेव्हा मामाजी रडले. भाऱ्याला धरून, मोठ्यानं. गाव उठलं त्या दिवशी त्यांच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं, असं आत्याबाईंनी मला चुलीपाशी सांगितलं.